दंतकथा आणि वदंता

दंतकथा आणि वदंता हे दोन शब्द आपल्याकडे इतके सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात की, ह्या दोहोंत काही भेद आहे असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. ज्ञानोबारायांनी भिंत चालविल्याची ‘वदंता’ आहे, असे चांगली शिकली-सवरलेली माणसे लिहितात. उलट, अमक्या गावात चोर शिरल्याची ‘दंतकथा’ उठली, असेही कानावर येते. दोन्ही ठिकाणी शब्द चुकला. एक शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून काय आकाश कोसळते, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, ह्या दोन शब्दांच्या घोटाळ्यात एका बाजूला संतचरित्राची अवहेलना होते आणि दुसऱ्या बाजूला जिवंत माणसांचे प्राण जातात. म्हणून हा पाठ जरा सावकाश वाचावा.

आधी शब्दांच्या मुळाशी जाऊ. दोहोंत ‘दंत’ ही अक्षरे दिसतात, आणि फसगत तिथूनच सुरू होते. वदंतेतला ‘दंत’ हा दात नव्हेच. संस्कृतात वद् म्हणजे बोलणे आणि ‘वदन्ति’ म्हणजे ‘बोलतात’. कोण बोलतात? ते शब्दात नाही. लोक बोलतात, झाले! ‘किंवदन्ती’ हा तिचाच मोठा भाऊ म्हणा ना. अमरकोशात किंवदन्ती आणि जनश्रुति हे शब्द एकाच अर्थाने दिले आहेत. दंतकथेतला दंत मात्र खराखुरा दात. पोथीत उतरण्याआधी जी मुखाने सांगितली गेली, आजीच्या तोंडून नातवाने ऐकली, ती दंतकथा. जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. ‘अफवा’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ ‘तोंडे’ असा आहे. म्हणजे तिन्ही शब्द तोंडातलेच. पण दंतकथेच्या पोटात ‘कथा’ आहे आणि बाकीच्या दोहोंत नुसते बोलणे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

मराठी माणसाचा कान मात्र हा भेद विसरलेला नाही. त्याच्या तोंडची क्रियापदे पाहा. वदंता ‘उठते’, ‘पसरते’, आणि मग ‘विरते’. दंतकथा ‘चालत येते’, ‘सांगतात’, ‘ऐकवतात’. वदंता विरली की तिची आठवणही कोणी ठेवीत नाही. दंतकथा विरत नाही, ती फार तर मागे पडते. आमच्या खेड्यापाड्यांत वदंतेला किती नावे आहेत! आवई, भुमका, वावडी, कंडी, हूल. त्यातही छटा आहेत. कंडी ‘पिकवतात’, म्हणजे तिथे कोणाचा तरी हात असतो. वावडी ‘उडवतात’. हूल ‘उठते’ आणि माणसे पळत सुटतात. पळण्याचे कारण विचारायला कोणी थांबत नाही. दंतकथेला अशी उठवळ नावे का मिळाली नाहीत, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

इथे कोणी विचारील, मग आख्यायिका कोणती? हा शब्द आणखी निराळ्या वाटेने आला आहे. जुन्या संस्कृत साहित्यशास्त्रात आख्यायिका म्हणजे घडलेल्या गोष्टीवर रचलेला गद्य ग्रंथ, आणि कथा म्हणजे कवीने कल्पिलेली. सातव्या शतकातल्या बाणभट्टाने दोन्ही लिहिल्या: ‘हर्षचरित’ ही आख्यायिका, कारण हर्षराजा त्याने डोळ्यांनी पाहिला होता, ‘कादंबरी’ ही कथा. दंडीने मात्र हा भेद मानला नाही. एकाच जातीची ही दोन नावे, असे त्याचे मत. मराठीत येता येता आख्यायिकेचा खरेपणाचा आग्रह सुटला, आणि आज ती अंगावर शाल घेतलेली दंतकथाच होऊन बसली आहे. लिहिताना कोणताही शब्द घ्या, आमची हरकत नाही. वदंतेला मात्र त्या पंक्तीला बसवू नये.

आता दंतकथेकडे वळू. आपल्या संप्रदायात तिचे भांडार म्हणजे महिपतीबोवा ताहराबादकर. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे हे गृहस्थ (तालुका आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे). इ. स. १७१५ ते १७९० हा त्यांचा काळ. ‘भक्तविजय’ १७६२ साली पुरा झाला, ‘भक्तलीलामृत’ १७७४ साली. ज्या संतांची चरित्रे ते गातात त्यांपैकी ज्ञानदेव, नामदेव, चोखोबा त्यांच्यापूर्वी चार-साडेचारशे वर्षांचे. तुकोबाच काय ते सुमारे शतकापूर्वीचे. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले असे काही नाही. मग ते काय करतात? आपण हे पदरचे सांगत नाही, असे भक्तविजयाच्या आरंभीच सांगतात, आणि उत्तरेकडच्या नाभाजींचे व माणदेशातल्या उद्धवचिद्घनांचे नाव घेतात. हे साधे दिसते, पण ही फार मोठी गोष्ट आहे. दंतकथा पुरावा देत नाही. पण कोणाकडून आली ते सांगते. तिला गुरुपरंपरा असते, गाव असते, दाखवायला एखादी शिळा, एखादी भिंत, एखादी पायरी असते.

भिंतीचीच गोष्ट घ्या. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आले, आणि ही चार भावंडे बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी गेली. आळंदीला ती भिंत दाखवतात. आपण तिला हात लावून पुढे जातो. आता जरा दूरची गोष्ट ऐका. तेराव्या शतकातच तिकडे तुर्कस्तानच्या अनातोलिया प्रांतात हाजी बेक्ताश नावाचे सूफी साधू होऊन गेले. त्यांच्याविषयीही तिकडचे भाविक हेच सांगतात: एक साधू सिंहावर बसून, सापाचा चाबूक करून त्यांना भेटायला आला, आणि हे भिंतीवर बसून तिच्यासकट सामोरे गेले. हे वाचून काहींना वाईट वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. जनावराला ताब्यात ठेवणारी सिद्धी एका बाजूला, आणि जडालाही चैतन्य देणारी शांती दुसऱ्या बाजूला. ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न अनातोलियातल्या माणसालाही पडला आणि आळंदीच्या माणसालाही पडला. उत्तर दोघांनी एकच दिले. दंतकथेचे मर्म तिथे आहे. भिंत किती हात सरकली ह्याचे माप घेणारा आणि ‘हे सगळे खोटे’ म्हणून हात झटकणारा, दोघेही तिच्याकडे पंचनाम्याच्या नजरेने पाहतात. चांगदेवांना उद्देशून लिहिलेल्या पासष्ट ओव्या आपल्या हाती आहेत. भिंत बाजूला ठेवली तरी चांगदेवपासष्टी उभीच राहते.

दुसरी गोष्ट चोखोबारायांची. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरेने हे शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये झाले असे मानतात. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवराय तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडे कानाशी धरली, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली. ती आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. गावकूस कोसळले, वेठीला धरलेली माणसे मेली, हे इतिहासाला सहज पटावे असे आहे. हाडे बोलली, ही दंतकथा. पण ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांची हाडे महाद्वारासमोर आली, आणि तीही नामदेवांच्या हाताने आली, हे सांगायला त्या काळच्या माणसांना दुसरी कोणती भाषा होती? तिसरी गोष्ट त्याच मंगळवेढ्याची. दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे रयतेला उघडून दिली, आणि विठ्ठल विठू महार होऊन धान्याचे पैसे भरून आला. ही कथा ऐकून आजवर कोणी कोणाच्या अंगावर धावून गेला नाही. ती ऐकून कोठार उघडण्याची बुद्धी मात्र काही जणांना झाली असेल.

आता वदंता. ही जुनी नसते, आजची असते. दंतकथा भूतकाळात बोलते, ‘होता’, ‘झाले’, ‘केले’. वदंता वर्तमानात बोलते, ‘आले आहेत’, ‘चालले आहे’, ‘लौकर पळा’. दोघींच्या शेपटीला ‘म्हणे’ असते, हे खरे. ‘देव जेवला म्हणे’ आणि ‘पूल वाहून गेला म्हणे’. पण पहिले ‘म्हणे’ ऐकून आपण मान डोलावतो आणि दुसरे ऐकून पायांत चप्पल घालतो.

ह्यातून एक गोष्ट निघते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वदंता म्हणजे खोटेच असे नव्हे. वारीच्या वाटेवर ‘वीर धरणातून पाणी सोडलं, चंद्रभागा चढणार’ असे कोणी सांगत आला, तर ती वदंता आहे. पण तासाभरात ती वार्ताही ठरेल. धरण आहे, अधिकारी आहेत, विचारता येते, जाऊन पाहता येते. तपासता येण्याजोगी असून न तपासता पुढे सरकवलेली ती वदंता. दंतकथेचे तसे नाही. नामदेवांच्या हातचा नैवेद्य विठोबाने खाल्ला की नाही, हे तपासायला कोणता फौजदार जाणार? म्हणून ‘खरे कशावरून?’ हा प्रश्न दंतकथेला विचारण्यात फारसा अर्थ नाही, आणि वदंतेला तो न विचारणे हा अपराध आहे. लोक नेमके उलटे करतात! संतचरित्रावर तावातावाने वाद घालतात, आणि बाजारातून आलेली हूल मात्र डोळे मिटून गिळतात.

ही उदाहरणे फार जुनी नाहीत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांसमोर रांगा लागल्या. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते, असे शास्त्रज्ञांनी त्याच वेळी दाखवून दिले. त्यात दूध सांडले, त्यापलीकडे फारसे काही नाही. पण २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, माणसे रुळांवर उतरली, आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली दहाहून अधिक जीव गेले. आग लागलेलीच नव्हती.

आणि धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. हे नाव प्रत्येक माळकऱ्याने लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते. १ जुलै २०१८, रविवार, गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली होती. बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. होय, त्याच चोखोबांच्या आणि दामाजींच्या मंगळवेढ्याच्या बाजूचे. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळ्यांची वदंता मोबाईलवरून घरोघर गेली होती. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त झाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना जीव जाईपर्यंत मारले. आषाढी एकादशी त्या वर्षी २३ जुलैला होती. देहू-आळंदीला पालख्यांच्या प्रस्थानाची तयारी चालली होती. डवरी गोसाव्यांचे दैवत नाथांचे. आणि ज्ञानोबारायांची गुरुपरंपरा काय सांगते? आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. आपल्याच गुरुघरच्या भिक्षेकऱ्यांना आपल्याच महाराष्ट्रात असे मरण आले.

त्या वर्षी देशात जी चित्रे मोबाईलवर फिरली त्यांतले एक तर कराचीतले होते. मुलांची काळजी घ्या असे लोकांना सांगण्यासाठी ते मुद्दाम करून घेतलेले होते. मूल उचलून नेतात, आणि शेवटी परत आणून देतात, असे मूळ चित्र. कोणीतरी शेवट कापला आणि उरलेले पाठवून दिले. कोणी कापला? ‘वदन्ति’ला कर्ता नसतो, हे आम्ही आरंभी सांगितले ते ह्यासाठी. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही असे बंधन आणले. तरीही १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर-टोळीच्या वदंतेपायी दोन साधू आणि त्यांचा गाडीवान मारले गेले.

ह्यावर उपाय बाहेरून आणावा लागतो असे आम्हाला वाटत नाही. वारकरी कीर्तनकार उभा राहिला की मनाला येईल ते बोलत नाही. निरूपणाचा मुद्दा मांडला की त्यामागे संतांचे प्रमाण द्यावे लागते. प्रमाण चुकले किंवा ओढूनताणून लावले तर मागे उभे राहिलेले जाणकार टाळकरी एकमेकांकडे पाहतात, आणि महाराजांनाही ते कळते. हाच ‘प्रमाण काय?’ हा प्रश्न हातातल्या यंत्रावर आलेल्या निरोपाला विचारायला काय हरकत आहे? कोणी पाहिले, कुठे, कधी, आणि पाहिलेला माणूस कोण? चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर तो निरोप तिथेच थांबवावा.

आणि वारीची व्यवस्था पाहा. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा अफाट समाज क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीत राहते, म्हणजे चोपदार तिकडे जाऊन विचारपूस करतात. हरवले-सापडले ते तिथेच पुकारतात. हजारो माणसे एका वाटेने चाललेली असताना हूल उठायला कितीसा वेळ लागतो? एखादी म्हातारी चुकली तरी ‘पळवून नेली’ एवढे पुरते. पण चोपदाराच्या तोंडून आल्याशिवाय ती बातमी नव्हे, ही शिस्त जुन्या माणसांनी लावून ठेवली. दिंडीतल्या नव्या पोरांना हे वीणेकऱ्यांनी पहिल्याच मुक्कामी सांगून ठेवावे.

एक लबाडी मात्र ओळखून असावे. वदंता कधी कधी दंतकथेचे सोंग घेऊन येते. पूर्वी पोस्टकार्डे येत. अमक्या देवळात नाग निघाला, तो बोलला, हे पत्र अकरा जणांना लिहा, ज्याने लिहिले त्याला धन मिळाले, ज्याने फाडले त्याचा मुलगा गेला. आता तेच मोबाईलवर येते, पोस्टकार्डाचा खर्चही वाचतो. वर देवाचे नाव असते म्हणून भाविक माणूस कचरतो. पण खूण सोपी आहे. महिपतीबोवांनी एकाही संताची गोष्ट ‘पुढे न सांगाल तर वाईट होईल’ अशा धाकाने सांगितलेली नाही. धाक आला की ती वदंता समजावी, मग वर कोणत्याही देवाचे चित्र असो.

उलट बाजूने थोडे. दंतकथा निरुपद्रवी असली तरी तिनेही कधी कधी खऱ्या लेखावर सावली धरली आहे. पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख घ्या. त्यात शके ११९५ (इ. स. १२७३) पासून देवळाला कोणी काय दिले त्याच्या नोंदी आहेत, ज्ञानोबारायांच्या काळातले मराठी दगडावर उभे आहे. पण त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असे सांगत आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या गेल्या. कथेने शिळा लोकांच्या प्रेमाची केली आणि त्याच प्रेमाने अक्षरे झिजवली. ह्यात कोणाला दोष द्यावा ते आम्हाला ठरविता येत नाही. पण शिलालेख दिसला तर पाठ लावण्यापेक्षा डोळे लावावे.

ह्या मासिकाकडे गावोगावचे वाचक आपापल्या गावच्या देवळाच्या, समाधीच्या, फडाच्या गोष्टी लिहून पाठवितात, त्या आम्हाला हव्याच आहेत. लिहिताना ‘अशी वदंता आहे’ हे शब्द गाळावे, आणि गोष्ट कोणाकडून ऐकली, त्यांनी कोणाकडून ऐकली, आणि गावात दाखवायला काय आहे, एवढे कागदाच्या शेवटी लिहून द्यावे. ज्यांनी सांगितली ते वडीलधारे अजून असतील, तर त्यांना वाचून दाखवून मगच पोस्टात टाकावे.